जात्यावरच्या पिठाचा ब्रेड: गहू निवडण्यापासून ओव्हनपर्यंत

घरात आजीचं जातं अजून आहे आणि ओव्हनपण आलाय अशी घरं आमच्या साताऱ्यात आता बरीच आहेत. पण जातं जिन्याखाली पडलेलं असतं, लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर निघतं, आणि ब्रेड येतो बेकरीतनं. या दोघांची गाठ घालून द्यायची म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. ज्यांनी करून बघितलंय त्यांची तक्रार बहुतेक एकच असते, ब्रेड गच्च झाला, फुगला नाही, कापताना चुरा पडला. पीठ जात्यावरचं आणि रेसिपी मैद्याची असं केलं की तसंच होणार, कारण मैद्याला जेवढं पाणी आणि जेवढा वेळ लागतो त्यात या पिठाचं भागत नाही. निम्मा ब्रेड तर आदल्या रात्रीच ठरतो, गव्हाला ओल किती दिली त्यावर, आणि बाकीचा ठरतो दळून झाल्यावर चाळलं कसं त्यावर. आपल्याकडं पुरणपोळीसाठी गहू ओलवून सपीट काढायची पद्धत होती बघा, ब्रेडला अगदी तेच लागतं. ज्यांच्या घरात आई, आत्या, सासूबाई आहेत त्यांनी आधी त्यांना विचारा, निम्मं काम त्यांना येत असतं.

आधी गहू बघू

ब्रेड फुगतो तो ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या जोरावर. कणीक मळली की जी ताण खाणारी जाळी तयार होते तिच्यात यीस्टनं केलेला वायू अडकतो आणि ब्रेड वर येतो. जाळी कच्ची असली तर वायू निसटतो, मग यीस्ट कितीही घाला. म्हणून पहिल्यांदा करताना साधा लोकवन नाहीतर शरबती घ्या, चपातीला मऊ लागणारा कुठलाही चांगला गहू चालतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस ६४७८ हे वाण आपल्या जिल्ह्यात करंजखोपच्या शेतकऱ्यांनी लावलं आणि उत्पन्न भरघोस आलं म्हणून २०२१ साली त्याच्या बातम्यापण आल्या होत्या, त्यात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास सांगतात आणि चपातीला ते चांगलं आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडं असेल तर एक पायली मागून बघा.

बन्सी गहू ब्रेडसाठी घेऊ नका. त्याचा दाणा काचेसारखा कडक, हाताने दळायला जीव जातो आणि बारीक पिठापेक्षा रवाच जास्त पडतो. प्रथिनं त्याच्यात भरपूर असतात पण त्या ग्लुटेनला लवचिकपणा कमी, ब्रेडला हवी तशी उभारी मिळत नाही. त्याचा रवा काढा, लाडू करा, शिरा करा.

खपलीचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण कृष्णाकाठच्या गावात, साताऱ्यात काय नि सांगलीकडं काय, खपली अजून पेरतात आणि तिची चवच अशी आहे की ब्रेडमध्ये घालावीशी वाटणारच. खपलीचा दाणा मळणी झाली तरी टरफलातच राहतो, पूर्वी तो उखळात कांडून काढायचे, आता मशीनवर सडून मिळतो. टरफलासकट खपली जात्यात घालू नका. ग्लुटेन तिच्यात असतंच पण ते कमजोर, ताणलं जातं आणि परत मागं येत नाही. त्यामुळं नुसत्या खपलीचा ब्रेड पसरतो आणि खालीच बसतो. पहिल्यांदा तीन भाग लोकवन आणि एक भाग खपली असं करा, हात बसला की निम्मी-निम्मी. आणि एक महत्त्वाचं, खपली ग्लुटेनमुक्त आहे असं सांगून बरेच जण विकतात, ते खरं नाही. सिलिअॅकचा त्रास, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या माणसाला खपलीसुद्धा चालत नाही.

गव्हात दम किती आहे हे घरीच बघता येतं. मूठभर पिठाची घट्ट गोळी मळा, वाटीभर पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग त्याच पाण्यात बोटांनी हळूहळू दाबत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते बदला, परत धुवा. सगळं पिठूळपण निघून गेलं की हातात पिवळसर करडा, चिंगमसारखा ताणणारा लहानसा गोळा राहतो, तेच ग्लुटेन. दोन्ही हातांनी ताणा, न तुटता लांबला आणि सोडल्यावर आत गेला तर गहू ब्रेडला चांगला. धुता धुताच हातातनं तुकडे तुकडे होऊन निसटायला लागला तर त्या गव्हाच्या चपात्या करा. खपली आणि लोकवन शेजारी शेजारी असं धुऊन बघा म्हणजे मी वर काय म्हणतेय ते लगेच कळेल.

नवा गहू मार्च-एप्रिलला घरात येतो. लगेच ब्रेडला घेऊ नका, चपात्यांनासुद्धा तो सुरवातीला चिकट लागतो, एक-दोन महिने जाऊ द्या. साठवणीसाठी एरंडेल चोळलेला गहू असेल तर तो ओल्या फडक्यानं चांगला पुसून, सावलीत वाळवून मगच जात्याला घाला, नाहीतर तेलानं जात्याची टाकी, म्हणजे दगडावर ठोकून केलेले खड्डे, भरते आणि पीठ चिकटत राहतं.

निवडणं आणि पाखडणं तर टाळायचंच नाही. हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हात तणाचं बी, काड्या, काळ्या मातीची बारीक ढेकळं येतात, ढेकूळ दाण्याएवढंच असतं आणि रंगानंपण चटकन कळत नाही. गिरणीत गेलं तर पिठात मिसळून जातं, जात्यात गेलं तर कचकच करतं आणि ब्रेडमध्ये दाताखाली येतं. सुपात पाखडा, मग ताटात पातळ पसरून उजेडाला धरून निवडा.

जातं कसं पाहिजे

आपलं जातं काळ्या दगडाचं, म्हणजे बेसाल्टचं, सह्याद्रीचाच दगड. दोन तळ्या, खालची जागेवर आणि वरची फिरणारी, मध्ये खुंटा, वरच्या तळीच्या भोकात आडवी बसवलेली लाकडी पट्टी तिला माकडी म्हणतात, आणि कडेला हातात धरायचा दुसरा खुंटा. वरची तळी उचलून आधी बघा माकडी कुजलेली, सैल झालेली नाही ना. ती सैल असली की तळी डुगडुगते, एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला भरडा पडतो. सुतारानं बाभळीचा नाहीतर सागाचा तुकडा तासून दिला की काम होतं.

मग दोन्ही तळ्यांवरनं हात फिरवा. टाकीचे खड्डे बोटाला टोचले पाहिजेत. गुळगुळीत लागलं तर जातं टाकवून घ्यायला पाहिजे. गुळगुळीत जात्यात गहू फुटत नाही, दाबला जातो, पीठ चपटं-चपटं पापुद्र्यासारखं येतं, लवकर गरम होतं आणि तुम्ही दुप्पट दमता. टाकी लावणारी माणसं आता दारावर क्वचित येतात, पण आठवडी बाजारात, यात्रेत पाटे-वरवंटे विकायला बसतात तिथं विचारा, त्यांच्यातलं कोणीतरी हमखास करून देतं. टाकी देऊन आणलं की पहिलं दळण पोटात घालायचं नाही. दोन-तीन मुठी जाडे तांदूळ नाहीतर हलकी ज्वारी दळा आणि ते पीठ टाकून द्या, परत एकदा दळा, परत टाका. दगडाची कच जोवर बोटाला लागतेय तोवर हे करत राहायचं, दात महत्त्वाचे आहेत.

नवं घेणार असाल तर शोभेचं छोटं जातं घेऊ नका, सिमेंट ओतून केलेलं तर मुळीच नको, ते झिजून पिठात येतं. वरची तळी जड पाहिजे, कारण दळतं ते तिच्या वजनावर. जुनं जातं विकत मिळालं तर त्यावर आधी काय दळलंय ते विचारून घ्या. सांगलीकडं हळदीची बाजारपेठ, जात्यावर हळकुंड नाहीतर मिरची दळलेली असली की वास दगडात मुरलेला असतो, तांदूळ आणि खडेमीठ दोन-चार वेळा दळून काढल्याशिवाय तो जात नाही.

जातं नसेल, किंवा खांदा-कंबर साथ देत नसेल, तर टेबलाला स्क्रूनं आवळून बसवायची लोखंडी हातचक्की मिळते, हँडल फिरवायचं. तिच्यात पहिल्याच फेरीत बारीक पीठ करायला जाऊ नका. पहिल्या फेरीला पाती सैल ठेवून नुसता भरडा काढा, मग आवळून दुसरी फेरी, लागली तर तिसरी. या चक्कीत ओलवलेला गहू चालत नाही, पात्यात लगदा बसतो, गहू कोरडाच घाला.

ओलवणं

हे नीट वाचा, कारण ब्रेडचं खरं मर्म इथं आहे.

गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के आतला पांढरा गर, १४ टक्के वरचा कोंडा आणि अडीच-तीन टक्के अंकूर असतो. कोरडा ठणठणीत गहू दळला की कोंड्याचेपण बारीक बारीक तुकडे होतात आणि पिठात असे मिसळून जातात की चाळणीनं निघत नाहीत. त्या तुकड्यांच्या कडा धारदार असतात, कणीक मळताना ग्लुटेनची जाळी त्या कापत जातात आणि ब्रेड बसतो. तेच कोंड्याला थोडी ओल मिळाली की तो चिवट होतो, तुटण्याऐवजी मोठ्या पापुद्र्यात सुटून येतो, आतला गर मात्र सहज फुटतो. मोठमोठ्या पीठ गिरण्यासुद्धा दळायच्या आधी गव्हाला पाणी देऊन ठेवतात ते यासाठीच.

जात्यासाठी १ किलो गव्हाला २० ते ३० मिली पाणी, म्हणजे दोन मोठे चमचे, फार नाही. परातीत गहू पसरून पाणी शिंपडा, दोन्ही हातांनी चोळून चोळून सगळ्या दाण्यांना लावा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून रात्रभर ठेवा, निदान आठ तास, कडक गहू असेल तर बारा. दोन-तीन वेळा डबा हलवा. सकाळी दाणे वरनं कोरडे लागले पाहिजेत, हाताला ओल लागली तर सुती कापडावर घरातच अर्धा तास पसरा, उन्हात नाही. पुरणपोळीच्या सपिटासाठी गहू धुऊन कापडात बांधून ठेवायची जी पद्धत आहे ती याहून ओली असते, ब्रेडला तेवढी ओल नको, जातं लिंपून जातं.

पाणी किती हे आकड्यानं सांगितलं तरी खरं ठरवायचं दातानं. माझी आत्या खटावची, ती दाणा दाताखाली धरूनच सांगायची. कट् करून दोन तुकडे झाले तर गहू कोरडा, अजून पाणी मागतोय. जरा दबून मग फुटला तर बरोबर. चपटा झाला आणि फुटलाच नाही तर जास्त झालंय, वाळवा. आपल्या जिल्ह्यात हे फार लागतं कारण एकाच आठवड्यात महाबळेश्वर-पाटणकडं सगळं दमट आणि माण-खटावकडं हवा कोरडी खणखणीत. पावसाळ्यात कोयनेकडं राहणाऱ्यांनी पाणी शिंपडूच नये, गव्हानं ते हवेतनंच घेतलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये म्हसवड, दहिवडी, जत, आटपाडीकडं मात्र तीन चमचेसुद्धा कमी पडतात.

दळण

खाली मोठं सुती कापड, जुनं धुतलेलं लुगडं असेल तर उत्तम, त्यावर जातं. बसताना एक पाय लांब आणि एक दुमडलेला, पाठ सरळ, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंबर धरते. खुंटा ओढायचा तो नुसत्या मनगटानं नाही, खांद्यापासून आणि अंग पुढं-मागं घालून. दोघी समोरासमोर बसलात तर फारच सोपं, एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात जातं आपसूक फिरतं आणि गप्पापण होतात.

वैरण, म्हणजे तोंडात घालायचे दाणे, यावर पिठाचा पोत ठरतो. चिमूट-दोन चिमूट दाणे, दोन-तीन फेरे, परत चिमूट. ओंजळभर एकदम ओतलेत तर वरची तळी उचलली जाते आणि नुसता भरडा पडतो. अगदीच कमी घातलेत तर दगडावर दगड घासतो, आवाज बदलतो, खरखर यायला लागते, तो आवाज आला की लगेच दाणे टाका कारण त्या वेळी पिठात दगड जात असतो. थोड्या वेळानं कानच सांगायला लागतात कधी टाकायचं. ओव्या म्हणत दळायचं ते उगाच नव्हतं, ओवीच्या लयीवर हाताचा वेग आणि वैरण दोन्ही एकसारखं राहतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडनं अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या ऐकायला मिळतात, जरूर ऐका. येत नसतील तर आवडीचं कुठलंही संथ गाणं म्हणा, वेग धरून ठेवायला तेवढं पुरतं.

दोनदा दळायचं. पहिल्या खेपेला मधल्या खुंट्यावर कापडाची जाडसर चकती अडकवून वरची तळी किंचित उचलून घ्या, डाळ भरडायला करतात तसं, आणि सगळा गहू भरडून घ्या. मग चकती काढून तो भरडा परत दळा. एकदम बारीक करायला जाण्यापेक्षा यात कष्ट कमी पडतात आणि कोंडा मोठा राहतो. जात्याच्या कडेनं पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून बघत राहा. हाताच्या दळणात पीठ जेमतेम कोमट होतं, गिरणीतनं येणाऱ्या पिठासारखं हात भाजत नाही.

७०० ग्रॅम गहू एका ब्रेडला भरपूर होतो. एकटीला दोन्ही खेपा मिळून तास-सव्वा तास धरा, सवय नसेल तर जास्त. एकदम करायची गरज नाही, भरडा संध्याकाळी आणि दळण सकाळी केलं तरी चालतं.

चाळण

घरात दोन चाळण्या पाहिजेत, एक नेहमीची कणकेची आणि एक मैद्याची बारीक. आधी मैद्याच्या चाळणीनं चाळा. खाली पडतं ते सपीट, हाताला रेशमासारखं लागतं आणि मैद्यापेक्षा जरा पिवळट दिसतं. वर राहिलेलं कणकेच्या चाळणीत घ्या, त्यातनं खाली रवाळ पडेल आणि वर उरेल कोंडा. रवाळ परत जात्यात घाला आणि परत मैद्याच्या चाळणीनं चाळा. असं एकदा-दोनदा केलं की ७०० ग्रॅम गव्हाचं साधारण ५५० ते ६०० ग्रॅम पीठ आणि ८०-१०० ग्रॅम कोंडा होतो. ओलवणं बरोबर जमलं असेल तर कोंड्याचे पापुद्रे नखाएवढे नाहीत तरी तिळाएवढे दिसतील. कोंडा बारीक भुकटी होऊन आला असेल तर पुढच्या वेळी पाणी चमचाभर वाढवा.

कोंडा टाकायचा नाही. त्यातला ५० ग्रॅम वाडग्यात घ्या, त्यावर १०० ग्रॅम उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात तो फुगून मऊ लगदा होतो, धार जाते, आणि मग तोच कणकेत परत घातला की ब्रेड गच्च न होता सगळ्या कोंड्याची चव आणि ताकद मिळते. चाळून बाजूला काढायचं आणि भिजवून परत घालायचं हे दुप्पट काम वाटेल, पण न चाळता केलेला ब्रेड आणि असा केलेला ब्रेड शेजारी ठेवलात तर उंचीतच फरक दिसतो.

पीठ त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वापरा. अंकुरातलं तेल पिठात मिसळलेलं असतं, उन्हाळ्यात ते आठ-पंधरा दिवसात खवट व्हायला लागतं. उरलं तर घट्ट डब्यात फ्रिजमध्ये.

कणीक

वजनकाटा घ्या, वाटीच्या मापानं यात अंदाज चुकतो. एका ब्रेडला:

चाळलेलं पीठ ४५० ग्रॅम
भिजवलेला कोंडा (५० ग्रॅम कोंडा आणि १०० ग्रॅम पाणी), गार झालेला
पाणी २६० ग्रॅम, वर लागलं तर अजून ३० ग्रॅमपर्यंत
मीठ ९ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा
गूळ २० ग्रॅम
लोणी नाहीतर शेंगतेल २० ग्रॅम

पीठ आणि २४० ग्रॅम पाणी नुसतं कालवा, मळू नका, कोरडं पीठ राहिलं नाही म्हणजे झालं. झाकून ४० मिनिटं ठेवा. हाताच्या दळणात कितीही चाळलं तरी रवाळ कण राहतातच, त्यांना पाणी प्यायला वेळ लागतो आणि या वेळात ग्लुटेनपण आपोआप जुळायला लागतं. मग राहिलेल्या २० ग्रॅम कोमट पाण्यात गूळ आणि यीस्ट विरघळवून घाला, भिजवलेला कोंडा घाला, मीठ घाला आणि मळायला घ्या. सुरवातीला चिकटेल. पीठ लावू नका, हात पाण्यानं ओला करा. चपातीच्या कणकेपेक्षा ही कणीक सैलच पाहिजे, परातीला थोडी चिकटणारी. पाच मिनिटांनी लोणी घाला आणि अजून सहा-सात मिनिटं मळा. गोळा ओढला की तुटण्याआधी लांबला पाहिजे, मैद्यासारखा पारदर्शक पडदा यात येत नाही, त्याची वाट बघत बसू नका.

खपली मिसळली असेल तर पाणी ३०-४० ग्रॅम कमी आणि मळणं निम्मं, चार-पाच मिनिटात थांबा, जास्त मळली की ती सैल पडते.

ज्वारीची चव हवी असेल तर ६० ग्रॅम पीठ काढून तेवढं शाळूचं पीठ घाला, मालदांडी असेल तर छानच. ज्वारीत ग्लुटेन अजिबात नाही म्हणून याच्या पुढं जाऊ नका, आणि ते पीठ ६० ग्रॅम उकळत्या पाण्यात उकड काढतात तसं घोळून गार करून घाला, म्हणजे ब्रेड दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतो. तेवढं पाणी वरच्या २६० ग्रॅममधनं वजा करा.

आता फुगायला ठेवायचं. मैद्याची कणीक दुप्पट होईपर्यंत ठेवतात, ही दीडपट, फार तर पावणेदोनपट झाली की बास. जास्त ठेवली की ओव्हनमध्ये जाऊन खाली बसते. २७-२८ अंशाला तास-सव्वा तास लागतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ३८-४० वर असताना हेच पाऊण तासात होतं, तेव्हा कणीक माठातल्या गार पाण्यात भिजवा आणि यीस्ट एक चमच्यावर आणा. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात गारठा असतो, तेव्हा बंद ओव्हनमध्ये कणकेशेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा.

फुगली की हलक्या हातानं दाबा, चौकोन थापा, घट्ट गुंडाळी करा, जोड खाली येईल अशी तेल लावलेल्या ९ बाय ५ इंचाच्या टिनमध्ये ठेवा. टिनशिवाय मोकळा ब्रेड पहिल्यांदा करू नका, हे पीठ कडेनं आधार मागतं. परत ४० ते ६० मिनिटं झाकून ठेवा. ओल्या बोटानं दाबून बघा, खड्डा लगेच भरून आला तर अजून थांबा, सावकाश अर्धा भरला तर लगेच ओव्हनमध्ये घाला.

ओव्हन

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, २०० अंशावर वीस मिनिटं आधी तापवा, छोट्या ओव्हनचा दिवा विझला म्हणजे तो तापला असं नसतं, आतले पत्रे तापायला वेळ लागतो. खालच्या रॅकवर ठेवा, वर पाणी फवारा, ३५ ते ४० मिनिटं. वरून लवकर काळपट व्हायला लागला तर फॉइल टाका, गुळामुळं रंग लवकर धरतो. टिनमधनं काढून बुडावर टकटक करा, पोकळ आवाज आला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९४-९६ अंश.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात स्टँड ठेवून झाकण लावून मंद आचेवर पन्नास मिनिटं ते तासभर, वर रंग येत नाही, तव्यावर उलटा करून आणा.

कापायची घाई नको. गरम ब्रेडच्या आतलं पिठूळपण अजून बसलेलं नसतं, सुरी लावली की गिचका होतो. जाळीवर निदान दोन तास, हाताने दळलेल्या पिठाचा तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात चांगला कापला जातो. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात तीन दिवस राहतो, पावसाळ्यात दोनच, फ्रिजमध्ये ठेवलात तर कडक होतो, त्यापेक्षा काप करून फ्रीझरला टाका आणि थेट तव्यावर भाजा.

यीस्टशिवाय करायचा असेल तर हेच पीठ कामाला येतं. ५० ग्रॅम न चाळलेलं ताजं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी काचेच्या बरणीत कालवा, रोज त्यातलं निम्मं काढून तेवढंच नवं पीठ-पाणी घाला, कोंड्यावरचेच जिवाणू आणि रानटी यीस्ट ते फुगवतात. आठवड्याभरात ते पाच-सहा तासात दुप्पट व्हायला लागलं की तयार. मग वरच्या मापातनं यीस्ट काढा, १०० ग्रॅम आंबवण घाला, पीठ आणि पाणी दोन्ही ५० ग्रॅमनं कमी करा आणि कणीक पहिल्यांदा चार ते सहा तास ठेवा, टिनमध्ये गेल्यावर दीड-दोन तास. रोज काढलेलं पीठ धिरड्यात घाला.

जातं धुवायचं मात्र नाही. वरची तळी उचलून कुंच्यानं झाडून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, टाकीच्या खड्ड्यात पीठ राहिलं तर त्यात किडे होतात म्हणून पावसाळ्यात मूठभर कोरडे तांदूळ दळून ठेवा, आणि तळी परत नीट बसवून वर कापड झाका.